तिथीची पाऊणपट

सोडे सोलले, वाळवले, पाव किलोच्या पिशव्या भरल्या
आणि वेबसाइटवर चढवले. फोटो माझेच,
खळ्यातल्या उन्हात काढलेले, एका कोपऱ्यात मांजराची शेपटी.
चार महिन्यांत भेटी एकोणीस.
त्यांतल्या अकरा माझ्या,
तीन पुण्याहून भावाच्या,
उरलेले पाच कोण, देव जाणे.

रत्नागिरीत कॉम्प्युटर दुरुस्त करणारा सर्वेश सुर्वे म्हणाला,
नुसती विकायला बसलीस तर कोण फिरकणार?
काहीतरी फुकट ठेव. कामाचं. रोज लागेल असं.
मग ज्याला उपयोग होईल तो आपल्या पानावर तुझा दुवा देईल,
त्याचं बघून आणखी कुणी देईल.
मी घरी येईपर्यंत तेच घोळवत होते,
फुकट काय ठेवू?
फुकट तर माझ्याकडे एकच गोष्ट येते,
दिवसातून दोनदा, पार कुंपणापर्यंत.

हलिमाबी होडेकर पन्नास वर्षं
साखरतरच्या खाडीत कालवं काढते.
मनगटात बांगडी आहे, घड्याळ नाही.
पाणी कधी भरणार ते कसं कळतं, विचारलं,
तर कालव फोडता फोडता, वर न बघता बोलली,
"आज चौथ. चाराची पाऊणपट तीन.
तिनाला भरंल. यात इचारण्यासारखा काय हाय?"

पाऊणकी आमच्या घरात आजोबांनंतर कुणाला येत नव्हती.
ती मी मशीनला शिकवली.
अकरा रात्री लागल्या. दोनदा वीज गेली,
एकदा सगळं पुसलं गेलं आणि मी रडले, तेही धडपणे नाही,
मुलगा उठेल म्हणून.
शेवटी एक चौकट उभी राहिली:
तिथी निवडा. खाली निळं बटण, 'पाणी बघा'.

पहिला दुवा जयगडच्या एका शाळामास्तरांनी दिला.
मग लाँचवाल्यांनी, मग पक्षी बघणाऱ्या मंडळींनी,
मग लग्नाआधीचे फोटो काढणाऱ्या कुणीतरी,
ज्याला ओली वाळू हवी होती, आरशासारखी.
एका रविवारी भेटी चारशे बारा.
मी आकड्याचाच फोटो काढून ठेवला.
सोडे विकले गेले दोन पिशव्या.
एक पिशवी भावाने घेतली होती.

आणि मग तो निरोप आला.
'तुमच्या वेळेप्रमाणे ओहोटी बघून मुलीला घेऊन
खाडी उतरायला गेलो. पाणी कमरेला होतं.
तिला खांद्यावर घेतली. बाकी काही नाही. कळवलं.'
बाकी काही नाही, हे मी किती वेळा वाचलं.

हलिमाबीला वाचून दाखवलं. तिने कोयती खाली ठेवली.
"तोंडावरचा पानी नि पुलाखालचा पानी एक कधी होता?
आत याला वेळ लागतो त्याला.
तू इचारलास कुठं? मी माझ्या जागेचा सांगितला."

रात्री बटण काढून टाकलं.
तीन दिवस तिच्याबरोबर होडीत बसले, वही घेऊन,
पुलापाशी, वळणापाशी, वरच्या धक्क्यापाशी,
दगडावर चिखलाची रेघ कधी बुडते ते लिहीत.
परत लावलं तेव्हा आधी प्रश्न होता:
तुम्ही नेमके कुठे उभे आहात?
आणि तळाला बारीक अक्षरात:
हिशेब हलिमाबी होडेकर यांचा. चुका माझ्या.

तिला फोनवर तिचं नाव दाखवलं.
वाचता येत नाही, तरी बोटाने अक्षरं चाचपली,
काचेवर कालवाचा वास राहिला.
"याचं तुला मिळतं काय?"
काही नाही, फुकट आहे.
"मग लोक देतात काय?"
दुवा, मी म्हटलं.
ती थांबली. ओले हात पदराला पुसले.
"मग कमी काय मिळालं गो?"

मी समजावणार होते तो दुवा वेगळा.
पण पाणी उतरायला लागलं होतं,
आणि तिला जायचं होतं.